इव्हेंट कळवणारे क्लास: इनहेरिटन्स कुठे हवं, कुठे नको

इव्हेंटचं काम, म्हणजे एका ऑब्जेक्टने काही घडल्याचं इतरांना कळवणं, पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक नवखे आधी एक बेस क्लास काढतात. ऐकणाऱ्यांची यादी त्यात ठेवायची आणि ज्याला काही कळवायचं असेल त्याने तो एक्स्टेंड करायचा, म्हणजे त्याचा सबक्लास व्हायचं. जावाही या वाटेने जाऊन परत आली आहे. जेडीके (जावाचं डेव्हलपर किट) १.० मध्ये बटण दाबल्यावर काही घडवायचं तर बटणाचा, नाहीतर ते ज्या खिडकीत आहे तिचा, सबक्लास काढून मेथड ओव्हरराइड करावी लागे. छोट्याशा स्क्रीनलाही क्लासचा ढीग व्हायचा. 1997 च्या जेडीके १.१ मध्ये लिसनर (इव्हेंट घडला की ज्यांना कळवलं जातं ते ऑब्जेक्ट) आले आणि हे थांबलं. ‘ऑब्झर्वेबल’ हा बदल कळवण्यासाठीचा, त्याच जुन्या वळणाचा क्लास मात्र टिकून राहिला. 2017 मध्ये जावा ९ ने त्याला डेप्रिकेटेड, म्हणजे ‘यापुढे वापरू नका’ असं, ठरवलं. तो इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात हे सांगणारा करार) नव्हे, क्लास आहे. जावात एकच क्लास एक्स्टेंड करता येतो, म्हणजे तुमची ती एकुलती एक जागा तोच अडवतो. त्यातली, ‘बदल झाला’ अशी खूण करणारी ‘सेटचेंज्ड’ मेथड प्रोटेक्टेड (बाहेरून नाही, सबक्लासमधून बोलवायची), म्हणून तो नुसता फील्ड म्हणून ठेवूनही भागत नाही. आणि ती मेथड बोलवायला विसरलात तर एरर येत नाही, कोणाला काही कळतही नाही.

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम घेऊ. टाकीने पंपाला ओळखायचं कारण नाही. तिच्याकडे लिसनरची यादी हवी, तीही फील्ड म्हणून. पंप, अलार्म, नोंदवही हे तिघे एकच इंटरफेस इम्प्लिमेंट करतात. त्यांचं आपसात दुसरं नातं नसलं तरी चालतं.

इनहेरिटन्सची खरी जागा इव्हेंटमध्ये आहे. वर ‘टाकीइव्हेंट’, त्यात कोणती टाकी आणि केव्हा एवढंच. खाली ‘पातळीबदलली’ आणि ‘सेन्सरबंद’. याहून खोल जाण्याची गरज क्वचितच पडते. फील्ड सगळी फायनल (एकदा भरली की न बदलणारी) ठेवा, नाहीतर पहिला लिसनर आकडा बदलेल आणि दुसऱ्याला बदललेला मिळेल. जुनी पातळी आणि नवी पातळी, दोन्ही इव्हेंटमध्येच द्या. लिसनरने टाकीला परत विचारायला लावलं तर मधल्या वेळात पाणी आणखी उतरलेलं असू शकतं. लिसनरमध्ये ‘इन्स्टन्सऑफ’ची (हा इव्हेंट कोणत्या क्लासचा, या तपासणीची) रांग लागली तर इंटरफेसमध्ये वेगवेगळ्या मेथड करा. जावा २१ असेल तर इव्हेंट सील्ड करून (त्याचे सबक्लास कोणते ते पक्कं ठरवून) स्विच लिहा. एखादा प्रकार राहिला की कंपायलरच अडवतो.

मेथड वाढल्या की रिकाम्या मेथडचा अडॅप्टर क्लास काढायचा मोह होतो. ‘माउसलिसनर’मध्ये पाच मेथड आहेत, म्हणून ‘माउसअडॅप्टर’ आला. पण अडॅप्टर एक्स्टेंड करून मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं तर ती नवीच मेथड ठरते. क्लिक होतं, घडत काही नाही. ‘ओव्हरराइड’ अ‍ॅनोटेशन न चुकता लावा, मग अशी चूक कंपायलरच पकडतो. आज नवं लिहिताना इंटरफेसमधल्या डिफॉल्ट (आधीच बॉडी दिलेल्या) मेथडनेच काम होतं.

आता सगळ्यात छळणारा बग. यादी साध्या ‘अ‍ॅरेलिस्ट’मध्ये आहे, फॉर-ईच लूप चालू आहे आणि एक लिसनर स्वतःलाच यादीतून काढतो. लिसनर तीन असतील आणि पहिल्याने असं केलं तर ‘कन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन’ येतं. बरं झालं, निदान समजलं. दोनच असतील तर पहिला गेल्यावर यादीची लांबी एक होते, लूपचा काटाही एकवर असतो, म्हणून लूप ‘झालं’ समजून थांबतो. दुसऱ्याला निरोप मिळतच नाही, तक्रारही उमटत नाही. ‘कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्ट’ वापरा; लूप जुन्या प्रतीवर चालतो.

लिसनर काढतानाही फसगत होते. जोडताना एक लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) दिला आणि काढताना तसाच दुसरा लिहिला, तर ते दोन वेगळे ऑब्जेक्ट. काढणं होत नाही, आणि टाकी जिवंत असेपर्यंत तो लिसनरही मेमरीत राहतो. लॅम्डा व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

कन्स्ट्रक्टरमधून इव्हेंट पाठवू नका. बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो, तेव्हा सबक्लासची फील्ड अजून नल असतात. आधी टाकीची स्थिती बदला, मग कळवा, आणि कळवताना लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) हातात धरून ठेवू नका. एका लिसनरने एक्सेप्शन फेकलं तर पुढचे उपाशी राहतात, म्हणून ट्राय-कॅच लूपच्या आत, प्रत्येकाला वेगळा.

सी शार्प या दुसऱ्या भाषेत हीच रचना थोडी वेगळी दिसते. तिथे इव्हेंट ज्या क्लासमध्ये जाहीर केला त्याच्या बाहेरून, अगदी सबक्लासमधूनही, थेट पाठवता येत नाही. म्हणून बेसमध्ये ‘ऑन’ने सुरू होणारी प्रोटेक्टेड व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता येणारी) मेथड ठेवतात. सबक्लासने ती ओव्हरराइड करून बेसची मेथड बोलावली नाही, की इव्हेंट तिथेच अडकतो. कोड रिव्ह्यूमध्ये बेसला बोलावणारी ती एक ओळ आधी शोधा.