गच्चीवरच्या कुंड्या हलवण्यापूर्वीची तयारी

गच्चीचे वॉटरप्रूफिंग मे महिन्यातच उरकावे लागते, कारण पुण्या-मुंबईकडे मोसमी पाऊस साधारणपणे १०-११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि एकदा कुंड्यांतील माती पावसाने भिजली की त्या जागच्या हलत नाहीत. त्यामुळे कामगार येण्याच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईने कुंड्या ओढण्यापेक्षा आठवडाभर आधी तयारीला लागावे. हातमोजे हवेत, पायांत बूट हवेत आणि मदतीला आणखी एक माणूस हवा, हे सर्वांनाच ठाऊक असते. स्लिपर घालून हे काम करू नये एवढेच सांगून पुढे जाऊ.

सर्वांत आधी पाहायची ती कुंडी टेकवण्याची जागा. कुंडीला हात लावण्यापूर्वी ती जेथे ठेवायची तेथे विटा मांडलेल्या असाव्यात, त्या डुगडुगत नाहीत हे पायाने दाबून पाहिलेले असावे आणि तेथपर्यंतच्या वाटेत पाण्याची नळी, खुरपे, झारी किंवा कपड्यांची दोरी आडवी येणार नाही याची खात्री करून घेतलेली असावी. गेल्या वर्षी माझ्याकडून नेमके हेच राहिले. दोघे मिळून कुंडी घेऊन गेलो तर तेथे विटाच नव्हत्या. वजन हातात असताना पायाने वीट सरकवायला गेलो आणि कमरेत उसण भरली. उचलताना माणूस सावध असतो, श्वास सांभाळतो, गुडघे वाकवतो. टेकवताना मात्र हात थकलेले असतात, काम झाल्यातच जमा वाटते आणि वाकणे व वळणे एकाच वेळी घडते. मणक्यांमधील चकत्यांना सर्वांत जास्त इजा करणारी हालचाल हीच होय. म्हणून विटा आधी मांडाव्यात. जागा गच्चीच्या मधोमध न निवडता कडेच्या भिंतीलगत निवडावी आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपचे तोंड मोकळे राहील असे पाहावे.

त्यानंतर वजनाचा अंदाज घ्यावा, कारण तो बहुतेकांचा चुकतो. १८ इंची कुंडीत साधारण ४० लिटर माती मावते आणि ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. म्हणजे नुसती मातीच ६० किलो झाली, सिमेंटच्या कुंडीचे वजन वेगळेच. स्वयंपाकघरातील भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो, तेव्हा हे दोन सिलिंडर एकदम उचलण्याइतके काम आहे. नायॉश या अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षिततेच्या सरकारी संस्थेने वजन अंगाशी धरलेले आहे, वाकावे किंवा वळावे लागत नाही, अशा उत्तम परिस्थितीतही एका माणसासाठी २३ किलोची मर्यादा धरली आहे. कुंडी तर पोटाशी धरताच येत नाही, कारण तिचा काठ रुंद असतो आणि मातीचा भार अंगापासून वीतभर तरी लांब राहतो. अर्ध्या ड्रममध्ये लावलेली आंब्या-लिंबाची झाडे कोणीही उचलण्याचा विचारसुद्धा करू नये. कमरेला पट्टा बांधल्याने वजन कमी होत नाही, उगाच धाडस मात्र वाढते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून मोठ्या कुंड्यांना दोन दिवस आधीपासून पाणी देऊ नये. जास्वंद, तगर, कढीपत्ता एवढा ताण सहज सोसतात. कोवळ्या रोपांच्या लहान कुंड्यांना मात्र मेच्या उन्हात उपाशी ठेवू नये, त्या तशाही हलक्याच असतात. फारच जड कुंडीतील वरची माती घमेल्यात काढून घ्यावी.

वेळही विचारपूर्वक ठरवावी. उन्हाच्या भीतीने अनेक जण पहाटे उठल्या उठल्या गच्चीवर जातात, परंतु रात्रभर आडवे पडल्यामुळे मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि त्या वेळी खाली वाकल्यास त्यांवर जास्त ताण येतो. उठल्यानंतर तासभर तरी जाऊ द्यावा, किंवा सरळ संध्याकाळ निवडावी.

शक्यतो कुंडी उचलूच नये. चाकांची ट्रॉली गुळगुळीत फरशीवर उत्तम चालते, पण चायना मोजॅकच्या खडबडीत गच्चीवर तिची लहान चाके अडकतात व कुंडी कलंडते. तेथे जाड गोणपाटावर कुंडी चढवून ते ओढणे अधिक सुरक्षित असते. उंबरठ्यावर फळी टाकावी. कुंडी गोणपाटावर चढवण्यापूर्वी ती किंचित कलती करून तळाच्या भोकातून बाहेर आलेल्या मुळ्या विळ्याने कापाव्यात, नाही तर जोर लावूनही ती सुटत नाही आणि सुटते तेव्हा एकदम सुटते. खाली गोम किंवा विंचू असू शकतो, तेव्हा बोटे थेट आत घालू नयेत. शेवाळ असल्यास खरवडून काढावे. मातीच्या कुंडीला कधीही काठाला धरून उचलू नये. काठ हातात येतो आणि कुंडी पायावर.

उचलावेच लागले तर दोघांनी, समोरासमोर, गुडघ्यांत वाकून, तळाला धरून उचलावे. वळायचे असल्यास पावले टाकून वळावे, कंबर पिळू नये. आणि निघण्यापूर्वी एकाने दुसऱ्याला विचारावे: विटा मांडल्या आहेत का? उत्तर “मांडू की” असे आले तर कुंडी आहे तेथेच राहू द्यावी आणि आधी विटा मांडून याव्यात.

जिन्यावरून भरलेली कुंडी नेऊ नये. माती वेगळी, झाड वेगळे. एका दिवशी सगळे संपवण्याचा हट्ट नको.

जागेवर बसल्यावर पाणी द्यावे, तळाचे भोक मोकळे आहे का ते पाहावे. कंबर दुखली तर अंथरूण धरून न बसता हळूहळू चालत राहावे. पायात मुंग्या आल्या, पाय बधिर झाला किंवा लघवीला अडथळा जाणवला तर मात्र मलम चोळत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा.