जुन्या पेठेत नवे ग्रंथालय: वारसास्थळांवरील परिणाम तपासण्यापूर्वीची तयारी

पुण्याच्या जुन्या पेठांना सार्वजनिक ग्रंथालय नवे नाही. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आणि पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासून वाचकांची सेवा करीत आले आहेत. तरीही आज गावठाणात नवी इमारत उभी करायची म्हणजे खोल पाया, तळघर, खडक फोडणारी यंत्रे आणि उद्‌घाटनानंतर रोज शेकडो दुचाक्या असा सारा पसारा येतो, आणि त्याचा भार शेजारच्या वाड्यांना, देवळांना व आळ्यांना सोसावा लागतो. हा भार किती व कोठे पडेल, हे तपासायला बसण्याआधी काय काय हाताशी असावे, ते येथे कसबा पेठेतील एखादी जागा डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे.

सर्वांत आधी वेळ ठरवावी. वास्तुविशारदाने आराखडा पक्का केल्यानंतर आणि निविदा निघाल्यानंतर केलेली तपासणी फाइलीत लावण्यापुरती उरते, कारण तेव्हा तळघर वगळणे, इमारत चार मीटर मागे घेणे किंवा एक मजला कमी करणे कोणालाच परवडत नाही. म्हणून जागा सुचवली गेली, की त्याच टप्प्यावर तपासणी सुरू व्हावी आणि तिचा पहिला अहवाल वास्तुविशारदाच्या हाती रेखाचित्रांच्या आधी पडावा, ही अट लेखी घ्यावी.

त्यानंतर सिटी सर्व्हेचा नकाशा घेऊन अंतरे मोजावीत. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर लेणी ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर मिळणारी परवानगी लागते. अंतर मोजायचे ते संरक्षित हद्दीपासून, तटाच्या भिंतीपासून किंवा दरवाज्यापासून नव्हे. ही बारीक गोष्ट सुरुवातीलाच नीट पाहिली नाही, तर पुढचे सगळे काम वाया जाते. ग्रंथालय लोकोपयोगी आहे म्हणून त्याला सूट मिळेल, असे गृहीत धरू नये. महात्मा फुले वाड्यासारख्या राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्य पुरातत्त्व विभागाकडे आणि महापालिकेच्या वारसा यादीतील श्रेणीबद्ध वास्तूंसाठी वारसा संवर्धन समितीकडे स्वतंत्रपणे जावे लागते, त्यामुळे तिन्ही याद्या एकाच नकाशावर वेगवेगळ्या रंगांत उतरवून घ्याव्यात. याद्यांत नसलेल्या, पण पेठेला आपल्या वाटणाऱ्या जागांसाठी चौथा रंग ठेवावा: पारावरचे देऊळ, तालीम, जुना आड, एखाद्या बोळाच्या तोंडाची दगडी कमान.

जमिनीखालची तयारी मात्र सर्वांत अधिक वेळ मागते आणि तेथेच सर्वांत कमी वेळ दिला जातो. कसबा हा पुण्याचा सर्वांत जुना भाग आहे. येथे पांढरीच्या मातीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या ठिकाणी साचलेल्या पांढरट मातीचे, थर आहेत आणि त्यांत आधीच्या वस्तीच्या खुणा मिळण्याची शक्यता धरूनच चालावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून दगडी भुयारी नळांतून पाणी शहरात आणले गेले. वाटेत हवा खेळती राहण्यासाठी उच्छ्वास, म्हणजे नळावरचे दगडी झरोके, उभारले गेले आणि पेठांतल्या हौदांत ते पाणी पडत असे. ही योजना आज पुष्कळशी रस्त्यांखाली आणि घरांखाली गाडली गेली आहे, आणि खोदकामात ती अचानक उघडी पडली तर काम थांबवायचे की बुजवून पुढे जायचे, याचा निर्णय उन्हात उभ्या असलेल्या मुकादमावर सोडणे योग्य नाही. यासाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर, 1885 च्या गॅझेटियरमधील पुणे शहराचे वर्णन, भारत इतिहास संशोधक मंडळातील साहित्य आणि जुने नकाशे आधी पाहून घ्यावेत. मग भू-भेदी रडारने जागेची तपासणी करावी आणि रडारने जेथे पोकळी दाखवली असेल तेथे डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतील पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. खोदकामात काही सापडल्यास कोण काम थांबवेल, कोणाला कळवेल आणि ठेकेदाराला त्या दिवसांची भरपाई कशी मिळेल, हे करारातच असावे. भरपाईची तरतूद नसली, की सापडलेली वस्तू रातोरात ढिगाऱ्याबरोबर निघून जाते.

शेजारच्या वास्तूंची आजची स्थिती नोंदवण्याचे काम खोदकामाच्या किमान एक पावसाळा आधी सुरू करावे, कारण वाड्याची भिंत उन्हाळ्यात आणि श्रावणात सारखी वागत नाही. जुन्या वाड्याचे जोते काळ्या पाषाणाचे, वरच्या भिंती विटांच्या आणि चुना किंवा मातीच्या गाऱ्याच्या, आणि भार सागवानी खांब-तुळयांवर, अशी रचना पुष्कळ ठिकाणी दिसते. ती थोडे हलणे सहन करते. पण एका कोपऱ्याखालचा आधार खचला, तर तुळईचे टोक भिंतीतील खोबणीतून सरकू लागते. म्हणून प्रत्येक वाड्यात शिरून तुळईचे टोक भिंतीत किती रुतले आहे, खांब तळखड्यावर, म्हणजे त्याच्या बुडाच्या दगडावर, सरळ बसला आहे का, चौकातील फरशी कोणत्या बाजूला उतरली आहे आणि सामाईक भिंतीला कोठे फुगवटा आहे, हे छायाचित्र, तारीख आणि माप यांसह लिहावे. प्रत्येक जुन्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख घालावी. ती तडकली, म्हणजे भिंत हलली. या नोंदीची एक प्रत घरमालकाला आणि एक भाडेकरूला द्यावी. पुढे वाद झाला तर त्या दोघांच्या हाती हाच पुरावा असतो, म्हणून यात काटकसर करू नये.

ग्रंथालयाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे, ती म्हणजे पुस्तकांचे वजन. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन (सुमारे 200 किलो वजनाइतका) भार धरतात, तर पुस्तकांच्या दालनासाठी 2.2 मीटर उंचीपर्यंत 6 किलोन्यूटन आणि त्यावरील प्रत्येक मीटरला आणखी 2 किलोन्यूटन धरावे लागतात. म्हणजे ग्रंथदालनाचा पाया शेजारच्या घरापेक्षा बराच जड आणि बहुधा खोल होणार, हे पहिल्या बैठकीतच मांडावे आणि दालन जुन्या भिंतींपासून दूर, तळमजल्यावर ठेवता येईल का, हे विचारावे. तळघराला माझा स्पष्ट विरोध आहे: ते शेजारच्या दगडी पायाखाली जाते आणि खोदताना पाणी उपसावे लागले तर आसपासच्या आडांची पातळी उतरते. शिवाय 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांत काय केले, हे ठाऊक असलेल्या शहराने पुस्तके जमिनीखाली ठेवू नयेत.

कंपनांची मर्यादा आधीच आकड्यांत ठरवून घ्यावी. खाण सुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगांसाठी घातलेल्या मानकात ऐतिहासिक व नाजूक वास्तूंकरिता 8 हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला (सेकंदाला आठपेक्षा कमी आंदोलने असताना) कंपनाच्या वेगावर सेकंदाला 2 मिलिमीटर इतकी मर्यादा आहे. पेठेतील कामासाठी तीच धरणे सुरक्षित ठरेल. पुण्यात काळा खडक लवकर लागतो आणि ब्रेकर लावण्याचा मोह होतो, तेव्हा मोजणी यंत्र वाड्याच्या जोत्यावर बसवलेले असावे आणि मर्यादा ओलांडताच काम थांबवण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या अभियंत्याला असावा.

इमारत पूर्ण झाल्यावरचा परिणाम अनेकांच्या नजरेतून सुटतो, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. पुण्यात ग्रंथालय म्हटले की स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आलीच, आणि तिच्यामागून पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत दुचाक्या, चहाच्या टपऱ्या, मेस आणि खोल्या भाड्याने देण्याची घाई येते. ही मुले खेड्यापाड्यांतून येतात, त्यांना शांत जागा हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. म्हणूनच त्यांच्या गाड्या कसबा गणपतीच्या वाटेवर किंवा लाल महालासमोर उभ्या राहू नयेत, याची सोय आराखड्यातच करावी. साध्या दिवशी, सुटीच्या दिवशी आणि गणेशोत्सवात त्या रस्त्यांवरील गाड्या व माणसे मोजून ठेवावीत, म्हणजे नंतरच्या मोजणीला आधार राहील.

याच्याशी जोडलेला प्रश्न आवाजाचा आहे. तांबट आळीत तांब्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्याला चकाकी देणारे नक्षीचे काम, चालते आणि हातोडीचा ठोका हा त्या कारागिराच्या पोटाचा आवाज आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र ठरवता येते, आणि अभ्यासिका सुरू झाल्यावर तशीच मागणी तेथूनही उठू शकते. तांबट, कुंभार आणि बुरूड यांचे काम पिढ्यानपिढ्या त्या पेठेत चालू असताना नव्याने आलेल्या वास्तूने त्यांना गप्प करणे अन्यायाचे होईल. त्यामुळे दुहेरी काचा, जाड भिंती आणि आळीकडे पाठ करून बसवलेले वाचनकक्ष यांचा खर्च ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात असावा. कारागिरांशी बोलणे त्यांच्या दुकानात, त्यांच्या वेळेला व्हावे. हरकती-सूचनांची जाहिरात वृत्तपत्रात देऊन ते होत नाही.

दर्शनी भागाविषयी थोडक्यात: रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोरून छायाचित्रे घेऊन त्यांवर नियोजित इमारतीची उंची बसवून पाहावी. खोटी महिरप आणि सिमेंटचे सुरूचे खांब लावण्यापेक्षा उंची, छताची रेषा आणि रस्त्याची रुंदी सांभाळलेली बरी.

शेवटी, पर्याय तयार ठेवल्याशिवाय तपासणी पुरी समजू नये. त्याच पेठेतील रिकामी सरकारी इमारत, बंद पडलेली शाळा किंवा दुरुस्त करता येण्याजोगा वाडा यांची यादी जोडून प्रत्येकाची तुलना नव्या बांधकामाशी करावी. मात्र वाड्यात ग्रंथालय नेताना पुस्तकांच्या वजनाचे वरील गणित पुन्हा करावे, कारण सागवानी पाटईवर लोखंडी कपाटांच्या रांगा उभ्या राहू शकत नाहीत. आणि काम झाल्यावर निदान दोन पावसाळे तड्यांची, रहदारीची व आवाजाची नोंद कोण ठेवणार, त्याचा मोबदला कोणत्या शीर्षाखाली निघणार, हे भूमिपूजनाची तारीख ठरण्याआधी लिहून घ्यावे.