कातळावरचं हापूस कलम: पाण्याच्या या चुका टाळा

रत्नागिरी-देवगडकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरची, माती केव्हाच वाहून गेलेली. त्यामुळे उरलेले आठ महिने लहान कलम जगतं ते कातळात खोदलेल्या मीटरभराच्या खड्ड्यातल्या ओलीवर. पाण्याचा हिशोब या खड्ड्यावरून मांडायला हवा, आणि नेमकं तिथेच चुकतं.

सगळ्यात महागात पडते ती पावसाळ्यातली चूक. खड्ड्याचा तळ अखंड कातळाचा असेल तर जुलैत पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. कलम वाळतं मात्र ऑक्टोबरच्या उन्हात. मग सगळे म्हणतात, पाणी कमी पडलं! म्हणून लावणीआधी रिकामा खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर उताराच्या बाजूने चर फोडल्याशिवाय माती टाकूच नका. माती भरताना ती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा. नाहीतर पावसात ती खाली बसते आणि बुंध्याशी डबकं होतं.

पानं मलूल, पिवळी दिसली की लगेच नळी सोडू नका. पाणी जास्त झालं तरी पानं अशीच दिसतात. खुरप्याने वीतभर उकरा, मूठभर माती दाबा. भुगा झाला तर पाणी द्या. लाडू वळला तर थांबा. कुजकट वास आला तर आधी निचऱ्याचं बघा.

टँकर आला म्हणून आठवड्याचं पाणी एकदम ओतणंही चुकीचं. माती धरेल तेवढंच धरते. थोडं थोडं, संध्याकाळी द्या. आळ्यात सुक्या गवताचं आच्छादन हवंच, पण बुंध्यापासून वीतभर लांब, आणि वाळवीवर नजर ठेवून.

फळावर आलेल्या झाडाचं गणित वेगळं. पाऊस संपल्यावर त्याला पाणी देऊ नका. मोहोरासाठी पाण्याचा ताण लागतो, नाहीतर पालवीच फुटते. फळं वाटाण्याएवढी झाली की मात्र हात आखडू नका. दर 15 दिवसांनी कलमाला 150 ते 200 लिटर, तेही बुंध्यात नव्हे, तर फांद्यांच्या घेराखाली बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे फळगळ कमी होते. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद.