एमएसमध्ये पाय आणि लघवी दोन्ही कसं सांभाळायचं? आधी घड्याळ लावा

माझ्या ताईला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. पाय ओढत चालते म्हणून आम्ही न्यूरोचे डॉक्टर, फिजिओ सगळं केलं, पण लघवी धरवत नाही हे तिने दीड वर्ष कोणाला सांगितलंच नाही, नुसतं पाणी पिणं कमी केलं आणि लग्नकार्याला जाणं बंद केलं. खरं तर पायांकडे जाणारे आणि मूत्राशयाकडे जाणारे निरोप एकाच मणक्यातल्या दोरीतून जातात, एमएसमध्ये त्या नसांवरचं आवरण खराब झालं की दोन्हीकडे गडबड होते. एमएसवाल्या साधारण ८० टक्के लोकांना कधी ना कधी लघवीचा त्रास होतोच. तेव्हा लाजू नका.

१. घड्याळ लावा. मोबाईलवर दोन वेळा मोजायच्या. बेडवरून उठून, कपडे सोडून कमोडवर बसेपर्यंत किती सेकंद लागतात, आणि जोराची लागल्यापासून किती सेकंद धरता येते. ताईला लागायचे ७०, धरवायचं जेमतेम ४०. म्हणजे भांडण त्या ३० सेकंदांचं होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी कमी करता येतं.

२. वाट छोटी करा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ कशात जात होता माहितीये? सलवारच्या नाडीत! घाईत गाठ बसायची आणि तिथेच सगळं व्हायचं. इलॅस्टिक घातलं, घरी गाऊन, निम्मा प्रश्न तिथेच सुटला. मग बाथरूमसमोरचं पायपुसणं काढलं कारण पाय नीट उचलला जात नाही आणि पंजा त्यात अडकतो, उंबरठ्याला उतार करून घेतला, कमोडशेजारी भिंतीत पकडायला दांडा बसवला, रात्री वाटेवर छोटा दिवा. भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. रात्री बेडजवळ युरिन पॉट ठेवायला ताई महिनाभर नाही म्हणत होती, एकदा अंधारात पडली मग ऐकलं. पंजा लोंबत असेल तर फिजिओला घोट्याच्या पट्ट्याबद्दल विचारा, चालणं सोपं होतं.

३. तीन दिवस वही लिहा. किती वाजता गेलात, किती झाली (जुना मापाचा मग वापरा), काय आणि किती प्यायलात, कपडे कधी ओले झाले. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावते. दर तासाला जाऊन थोडीथोडीच होत असेल तर दोन शक्यता असतात, एक तर मूत्राशयाची पिशवी थोडी भरली तरी आवळते, नाहीतर ती पूर्ण रिकामीच होत नाही आणि वरचंवरचं बाहेर येतं. बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं, आणि कधीकधी दोन्ही एकदमच असतं! म्हणून लघवी करून आल्याआल्या सोनोग्राफी करून आत किती उरलीय ते बघतात. हे न बघता कोणाची तरी बघून गोळी सुरू करू नका, पिशवी शांत करणाऱ्या गोळ्यांनी आत साठणारी लघवी अजून साठू शकते. १०० मिलीच्या वर उरत असेल तर डॉक्टर बहुतेक स्वतः घालायच्या कॅथेटरचा, म्हणजे लघवी काढायच्या बारीक नळीचा, विषय काढतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण नर्सकडून शिकल्यावर ताईला आता त्याचं काही वाटत नाही.

४. धरायचा वेळ वाढवा. जोराची लागली की पळू नका, पळण्यातच माणूस पडतो. बसा, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू चारपाच वेळा पटपट आवळा, जोर ओसरू द्या आणि मग चाला. शिवाय लागायची वाट न बघता ठरलेल्या वेळी जा, सुरुवातीला दर दोन तासांनी. चहा कॉफी कमी करा, पाणी नाही. पाणी तोडलं की लघवी घट्ट होऊन अजून चुरचुरते, बद्धकोष्ठता होते आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. दिवसभर प्या, झोपायच्या दोन तास आधी हात आखडता घ्या.

५. गोळ्यांचा हिशोब एकत्र मांडा. पाय कडक होतात म्हणून बॅक्लोफेन देतात, पण काहीजण त्या कडकपणाच्याच आधारावर उभे असतात, डोस जास्त झाला की पाय एकदम लुळे पडतात आणि मग टॉयलेट अजूनच लांब. लघवीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं. म्हणून पायांच्या आणि लघवीच्या, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. गोळ्या लागू पडल्या नाहीत तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, तेही विचारा.

६. पाय अचानक गळाले तर आधी लघवी तपासा. हे आम्हाला फार उशिरा कळलं. लघवीत इन्फेक्शन झालं की जळजळ नसतानाही पाय एकदम जड होतात, घरातल्यांना वाटतं एमएसचा नवीन अटॅक आला, आणि इन्फेक्शन बरं झालं की पाय परत जागेवर येतात. ताप, घाण वास, गढूळपणा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवी अजिबातच होत नसेल तर सरळ दवाखान्यात. मे महिन्यातल्या उन्हानेही असंच होतं, तेव्हा कूलर आणि गार पाण्याची आंघोळ.

७. बाहेर जाताना निघण्याआधी एकदा, पोचल्यावर लगेच एकदा. पर्समध्ये पॅड, जादा कपडे, पिशवी. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एमएसचं नाव आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. ताई परवा भाचीच्या साखरपुड्याला चार तास बसली, इलॅस्टिकचा परकर आणि वर काठाची साडी, कोणाला पत्ताही लागला नाही.