ट्रान्समीटरच्या नॉबवरून गेन बदलताना या चुका टाळा

आर्डूपायलट हे उड्डाण-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मल्टीरोटरचे (अनेक प्रोपेलरच्या ड्रोनचे) गेन, म्हणजे चूक सुधारताना यान किती जोराने प्रतिसाद देते हे ठरवणारे पी, आय आणि डी हे आकडे, उडत्या अवस्थेतच ट्रान्समीटरच्या नॉबवरून बदलता येतात. ट्यून (TUNE) या पॅरामीटरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, कोणता गेन बदलायचा ते ठरते आणि ट्यून_मिन व ट्यून_मॅक्समध्ये त्याच्या मर्यादा भरल्या जातात. पूर्वी हे काम ट्रान्समीटरच्या फक्त सहाव्या चॅनेलवरून (एका नॉबचा सिग्नल वाहणाऱ्या मार्गावरून) होत असे. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हव्या त्या चॅनेलच्या ऑप्शनला 219 ही किंमत द्यावी लागते. जोडणी सोपी असली तरी पुढील चुका वारंवार होतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नॉब कोणत्या स्थितीत आहे हे न पाहता उड्डाण करणे. रिसीव्हरचा सिग्नल मिळू लागताच नॉबवरची किंमत लागू होते, आणि साठवलेला गेन कितीही चांगला असला तरी तो बाजूला पडतो. समजा, रोल-पिचचा (डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे झुकण्याचा) रेट पी, म्हणजे झुकण्याचा वेग सांभाळणारा पी, नेहमीच्या 0.135 वर आहे आणि मर्यादा 0.08 ते 0.20 अशा भरल्या आहेत. नॉबच्या सिग्नलच्या 1000 ते 2000 मायक्रोसेकंद या पल्ल्यात 0.135 ही किंमत साधारण 1458 वर येते, म्हणजे नॉब मध्याच्या किंचित खाली असायला हवा. तो वरच्या टोकाला राहिला असेल, तर यान 0.20 घेऊनच जमीन सोडते. म्हणून प्रोपेलर काढून, मिशन प्लॅनर या संगणकावरील प्रोग्रॅममध्ये पॅरामीटर पुन्हा वाचून, नॉब फिरवल्यावर आकडा अपेक्षेप्रमाणे बदलतो का हे आधी तपासावे. बदल उलट दिशेने झाला किंवा टोकापर्यंत पोहोचलाच नाही, तर ट्रान्समीटरमधील मिक्स (नॉब आणि चॅनेल यांची जोडणी) आणि रेडिओ कॅलिब्रेशन तपासावे.

मर्यादा फार रुंद ठेवणे ही दुसरी चूक होय. ट्यून_मिन शून्यावर सोडल्यास नॉब खालच्या टोकाला जाताच तो गेन नाहीसा होतो आणि यान सावरता येत नाही. शिवाय पल्ला रुंद असला की बोटाच्या लहानशा हालचालीनेही किंमत फार बदलते. चालू किंमत मर्यादांच्या साधारण मध्यावर येईल, असाच पल्ला निवडावा.

नॉब हाताशी आला की पी वाढवत सुटण्याचा मोह होतो, पण सुरुवात डीपासून करावी. आर्डूपायलटच्या मार्गदर्शनाप्रमाणे डी 50 टक्क्यांच्या टप्प्यांनी थरथर दिसेपर्यंत वाढवावा, नंतर ती थांबेपर्यंत 10 टक्क्यांनी कमी करत यावे आणि मग आणखी 25 टक्के उतरवावा. पीसाठीही हीच रीत आहे, आणि शेवटी रोल-पिचचा आय पीइतका ठेवला जातो. ही चाचणी स्टॅबिलाइझ (यान सपाट ठेवणारा) किंवा ऑल्टहोल्ड (उंचीही धरून ठेवणारा) या उड्डाण-मोडमध्ये, वारा नसताना करावी. थरथर मात्र नेहमीच गेनमुळे येते असे नाही: फ्रेमचा सैल झालेला हात, वाकलेला प्रोपेलर किंवा ढिला मोटरचा स्क्रूही तशीच थरथर आणतो, आणि अशा वेळी गेन कमी करणे म्हणजे दुखणे झाकणे होय. उतरल्यावर मोटर हाताला चटका लागेल इतक्या तापल्या असतील, तर थरथर डोळ्यांना दिसली नसली तरी डी जास्त झाल्याची शंका घ्यावी.

या सोयीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. ट्यूनच्या 4 या पर्यायात रोल आणि पिच दोघांनाही एकच पी मिळतो. लांबट फ्रेमवर पिचची जडता जास्त असल्याने दोन्ही अक्षांना वेगळे आकडे लागतात, आणि आधी कष्टाने शोधलेले असे आकडे नॉब सुरू होताच एक होऊन जातात.

हातात आलेला चांगला आकडा हरवणे, हा प्रकार तर नित्याचाच आहे. नॉबवरची किंमत आपोआप साठवली जात नाही. उतरल्यावर लॅपटॉपपर्यंत चालत जाताना नॉबला अंगठा लागला तरी आकडा बदलतो. तो टेलिमेट्रीवरून (यानाकडून रेडिओने येणाऱ्या माहितीवरून) लगेच वाचून कागदावर लिहावा. राहून गेलेच, तर यानाने साठवलेल्या उड्डाणाच्या लॉगमधील पीटीयूएन (PTUN) या नोंदीत तो सापडतो. त्यानंतर ट्यून शून्य करून यान बंद-चालू करावे, लिहून घेतलेला आकडा हाताने भरावा आणि पुन्हा एकदा बंद-चालू करून तो टिकला आहे याची खात्री करावी. ट्यून शून्य करायचे राहिले, तर पुढच्या उड्डाणात साठवलेला आकडा नव्हे, तर ट्रान्समीटरच्या पिशवीत फिरलेला नॉबच गेन ठरवतो.