अंडाशयातली गाठ आणि मेंदूची सूज : निदान-उपचारातल्या या चुका टाळा

वीस-बावीस वर्षांच्या मुलीला चार-पाच दिवस बारीक ताप येतो, डोके दुखते. ते थांबते न थांबते तोच तिची झोप उडते, ती घरच्यांवर संशय घेऊ लागते, एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत राहते. घरात परीक्षेच्या ताणाची, क्वचित बाहेरच्या बाधेचीही चर्चा होते आणि तापाचा मात्र सर्वांना विसर पडतो. पहिली चूक इथेच होते. ज्या तरुण व्यक्तीला पूर्वी मनाचा कोणताही आजार नव्हता, तिचे वागणे काही दिवसांत बदलले, तर आधीचा ताप, आकडी, अडखळती वाणी किंवा विस्मरण यांची माहिती डॉक्टरांना न विचारताही सांगावी.

हा आजार म्हणजे एनएमडीए रिसेप्टरविरोधी मेंदूज्वर, म्हणजेच चेतापेशींवरील संदेश झेलणाऱ्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरांवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्यातून येणारी मेंदूची सूज. २००७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणाऱ्या जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांच्या अभ्यासातून त्यामागची प्रतिपिंडे ओळखली. त्या सर्वांच्या शरीरात टेराटोमा, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या ऊतकांची बनलेली गाठ, होती, बहुतेकींच्या अंडाशयातच. आपल्याकडे याच गाठीला सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बहुधा डर्मॉइड सिस्ट म्हटलेले असते. ती कापून पाहिली तर आत केस, चरबी, कधी दातही सापडतो, आणि या रुग्णांच्या गाठीत मेंदूच्या पेशींसारखे ऊतकही असते. त्या ऊतकाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे खऱ्या मेंदूतील तेच रिसेप्टर चेतापेशींच्या पृष्ठभागावरून आत ओढून नाहीसे करतात. पेशी मात्र सहसा मरत नाहीत, म्हणूनच हा आजार एवढा भयंकर दिसूनही बरा होऊ शकतो.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे यात काहीच गैर नाही; बहुतेक रुग्ण प्रथम तिथेच पोहोचतात. चूक होते ती निदान तिथेच गोठवण्यात. हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारावरची औषधे यातल्या अनेक रुग्णांना सोसत नाहीत, अंग ताठरते, ताप चढतो, आणि मग आजार वाढला असे समजून डोस वाढवला जातो. त्याच सुमारास रुग्ण ओठ चावू लागते, काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलत राहतो, बोटे हवेत पेटी वाजवल्यासारखी चालतात. नातेवाइकांनी या हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण राउंडच्या दोन मिनिटांत त्या दिसतीलच असे नाही आणि तोंडी वर्णनातून त्या नेमक्या कळतही नाहीत.

‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे मेंदूला काही झालेले नाही’ हा निष्कर्ष सर्वांत महागात पडतो. या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मल असू शकतो. ईईजीमध्ये (मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखात) मात्र बहुधा दोष दिसतो. प्रतिपिंडांची तपासणी केवळ रक्तावर करून थांबणे हीसुद्धा तशीच चूक आहे. रक्तात ती न सापडलेल्या काही रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात ती स्पष्ट सापडतात, त्यामुळे सुईच्या भीतीने लम्बर पंक्चरला (सुईने हे पाणी काढण्याला) नकार देऊ नये. संशय दाट असेल आणि जंतुसंसर्गाची शक्यता तपासून झाली असेल, तर रिपोर्टची वाट पाहत स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा (रक्तद्रव) बदलणे असे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार अडवून ठेवू नयेत.

आता गाठीविषयी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात ३८ टक्के रुग्णांत गाठ आढळली आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या अंडाशयातील टेराटोमा होत्या. तरीही ज्या मुलीच्या पोटात दुखत नाही, पाळी नियमित आहे, तिच्या ओटीपोटाची तपासणी करण्याचे कुणाला सुचत नाही. लग्न न झालेल्या मुलीची योनीमार्गे सोनोग्राफी आपल्याकडे सहसा केली जात नाही आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते. अशा वेळी ओटीपोटाचा एमआरआय मागावा. गाठ सापडलीच, तर ‘साधी डर्मॉइड आहे, मेंदूचे आधी पाहू, हिचे सहा महिन्यांनी बघू’ हा एरवी शहाणपणाचा ठरणारा सल्ला इथे चुकीचा ठरतो, कारण गाठ काढणे हाच उपचाराचा भाग आहे. संपूर्ण अंडाशय गमवावे लागेल या धास्तीने शस्त्रक्रिया लांबवणारी कुटुंबेही असतात. प्रत्यक्षात पुष्कळदा गाठ तेवढी काढून अंडाशय राखता येते, आणि हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाला थेट विचारावा. याउलट गाठ नाही म्हणून निदान खोडून काढणेही बरोबर नाही. लहान मुली आणि पुरुष यांच्यात ती क्वचितच असते, तरी आजार तोच असतो.

पहिल्या उपचारांनी दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही की घरचे हताश होतात, आणि आयसीयूचा खर्च पाहता ते समजण्यासारखे आहे. परंतु अशा रुग्णांना रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही पुढच्या टप्प्यातील औषधे देता येतात. वरील ५७७ रुग्णांच्या अभ्यासात पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी ८१ टक्के २४ महिन्यांनंतर स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळण्याइतके सुधारले होते. महिन्यांत मोजावी लागणारी ही सुधारणा दिवसांत मोजू नये. घरी परतल्यावर प्रतिपिंडांचा आकडा पुन्हापुन्हा तपासण्यात पैसे घालवण्यापेक्षा लक्षणांवर नजर ठेवावी आणि गाठ न सापडलेल्या तरुणींनीही किमान दोन वर्षे ठरावीक अंतराने ओटीपोटाची तपासणी करून घ्यावी.