रात्रीचा भात दुपारी कसा न्यायचा

आमच्या ठाण्यात बहुतेक घरांत जे चालतं तेच माझ्याकडे चालू होतं. सकाळी चहा नि दोन बिस्किटं, दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या, आणि रात्री साडेनऊला जेवायला बसलं की मात्र पोळी भाजी वरण भात आणि वर परत ताकभात, साडेदहाला आडवं. दीड वर्षापूर्वी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी, ६.५ पासून पुढे डायबेटिस धरतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात साधारण १३.६ कोटी लोक या प्रीडायबेटिसच्या पट्ट्यात आहेत असं निघालं, म्हणजे प्रत्येक बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी असणारच. मला सगळ्यांनी एकच सांगितलं, भात बंद कर. मी कोकणातली, पंधरा दिवस कसेबसे काढले नि मग परत होतं तसंच.

मग एका डाएटिशियन ताईंनी वेगळा प्रश्न विचारला, दिवसभरातला सगळ्यात जास्त भात-पोळी तुम्ही किती वाजता खाता? तिथेच सगळं होतं.

रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन म्हणजे इन्सुलिन. दिवसा आपलं शरीर त्याला चांगली दाद देतं, संध्याकाळनंतर ती कमी होत जाते. रात्री झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, वाढायला लागतं आणि त्याने स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं पण मंदावतं. त्यामुळे तोच वाटीभर भात दुपारी एकला खाल्ला तर शुगर जेवढी चढते त्याच्यापेक्षा रात्री दहाला खाल्ल्यावर जास्त चढते आणि उतरायला पण वेळ लावते, त्यात आपण जेवून लगेच झोपणार म्हणजे ती साखर वापरायला हातपाय हललेले पण नाहीत.

आता करायचं काय. रात्रीचं जेवण हलकं करायचं असेल तर सुरुवात संध्याकाळी पावणेसहाला करायची, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. माझं ऑफिस ऐरोलीला, दुपारी दीडला जेवलेली बाई सात वाजता ठाणे स्टेशनच्या जिन्यावर येते तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात आणि समोर गरम वडे, तिथे कोणाचा निश्चय टिकणार? आणि वडापाव नाही खाल्ला तरी घरी येऊन ताटावर तुटून पडणं होतंच. म्हणून ऑफिसमधून निघायच्या आधी, गाडीत नाही कारण तिथे हात वर करायला जागा नसते, मूठभर भाजलेले चणे आणि एक पेरू, किंवा उकडलेलं अंडं, किंवा मोडाच्या मटकीची वाटी. ३० ग्रॅम चण्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन येतं, तेवढ्याने नऊपर्यंत पोट शांत राहतं. हे एक जमलं की बाकीचं अर्धं आपोआप होतं, खरंच सांगते.

मग भात दुपारी न्या. मी डब्यात आता एक पोळी आणि वाटीभर भात नेते, पण सोबत उसळ किंवा घट्ट वरण आणि काकडी असतेच. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे पचून साखर होणारा भाग, असतात हे लक्षात ठेवा म्हणजे वाटी मोठी होत नाही. जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, दोन मजले जिने चढून या किंवा खाली एक चक्कर मारा.

रात्री भाजी दोन वाट्या, आमटी किंवा मासा किंवा पनीर, आणि एकच भाकरी. भात हवाच असेल तर त्या दिवशी भाकरी नाही. खायचा क्रम पण बघा, आधी कोशिंबीर आणि भाजी, मग आमटी-मासा, शेवटी भाकरी. आपल्या पंगतीत पहिल्यांदा वरणभात येतो, सणाला तसंच जेवा, रोजच्या ताटात मात्र उलटं करा, कारण भाजीतला चोथा आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की शुगर हळू चढते.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. हे मला पटत नव्हतं म्हणून मी घरच्या ग्लुकोमीटरवर करून बघितलं. दोन रात्री तंतोतंत तेच ताट, एक भाकरी, मेथीची भाजी, आमटी. पहिल्या दिवशी जेवून सोफ्यावर, दोन तासांनी १६२. दुसऱ्या दिवशी कोपरीत आमच्या कंपाउंडमध्ये पंधरा मिनिटं फेऱ्या, दोन तासांनी १३४. एका माणसाचे दोनच आकडे आहेत, पण कारण पक्कं आहे, स्नायू हलायला लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. तुम्ही पण असं बघू शकता, पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे आणि दोन्ही वेळा ताट सारखंच ठेवायचं.

सकाळचं थोडक्यात. पोहे उपमा चालेल पण शेंगदाणे, मटार, मोड घालून आणि सोबत दही किंवा अंडं, नुसते पोहे खाल्ले की अकराला परत भूक. उपास असेल तर साबुदाणा दुपारी खा, रात्री नको, त्यात जवळजवळ सगळा स्टार्चच, प्रोटीन नावाला. पाम बीच रोडला पहाटे पळायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी पळायच्या अर्धा तास आधी केळं आणि आल्यावर व्यवस्थित नाश्ता करावा, कारण स्नायूंतला साखरेचा साठा रिकामा झालेला असतो आणि कार्ब्स तिकडेच जातात. नाइट शिफ्टवाल्यांनी मोठं जेवण शिफ्टच्या आधी उरकावं, पहाटे तीनला बिर्याणी मागवू नये.

आणि आता जे लिहितेय ते वाचल्याशिवाय काही सुरू करू नका. माझ्या सासूबाईंना डायबेटिस आहे, शुगर खाली आणणारी गोळी चालू आहे. माझं बघून त्यांनी पण रात्रीची भाकरी सोडली, मला वाटलं बरंच आहे, मी अडवलं नाही. चौथ्या रात्री तीनला त्यांनी हाक मारली, अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, शुगर ५८. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग कुठे ७० च्या वर आली. जेवण कमी झालं पण गोळी तेवढीच राहिली होती. इन्सुलिन किंवा अशी गोळी घेणाऱ्यांनी रात्रीचे कार्ब्स डॉक्टरांना विचारूनच हलवायचे, आधी डोस ठरेल मग ताट. डायबेटिस असलेल्यांची सकाळची शुगर पण काही न खाताच वर असू शकते कारण पहाटे लिव्हर साखर सोडतं, म्हणून 'सकाळी भरपेट खा' हे त्यांना सरसकट लागू होत नाही, नाश्त्यानंतर तपासून बघायचं.

डॉक्टरांनी आईंची गोळी बदलली. त्या आता रात्री आठला अख्खी भाकरी खातात, माझी वाट न बघता, आणि साखरेची छोटी डबी त्यांच्या उशाशी असते.